आरोपीचा कैवारी

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तेव्हा चर्चच्या व्हरांड्यात चार वडीलधारी मंडळी वर्तमानपत्र उघडून बसली होती. बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळे कोणालाच घरी जाता येत नव्हते. वर्तमानपत्रात एका निर्घृण खुनाच्या खटल्याची बातमी होती, आणि आरोपीच्या वतीने एका वकिलाने वकीलपत्र दाखल केल्याचे शेवटच्या दोन ओळींत छापले होते. त्या दोन ओळींनीच मंडळी अधिक संतापली होती. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवीत आम्हांला विचारले, "फादर, गुन्हा यानेच केला हे सारा गाव जाणतो. असे असता पैसे घेऊन त्याची बाजू मांडणारा वकील त्या पापाचा भागीदार होत नाही काय?"

प्रश्न सरळ होता आणि विचारणारे गृहस्थ सज्जन होते. तरीही आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. कारण हाच प्रश्न पूर्वी एकदा आमच्यापुढे आला होता, त्या वेळी आम्ही फार घाईने उत्तर दिले होते, आणि त्या उत्तराची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली होती. ती हकीकत आम्ही या लेखाच्या शेवटी सांगणार आहोत. परंतु तत्पूर्वी, ज्या देशात हा प्रश्न शतकानुशतके विचारला गेला आणि ज्या देशातील वकिलांनी त्याचे उत्तर आपल्या आचरणाने दिले, त्या इंग्लंडातील बॅरिस्टराची ओळख वाचकांस करून द्यावी असे आम्हांस वाटते.

बॅरिस्टर म्हणजे कोण?

'बॅरिस्टर' हा शब्द आपल्या मराठी घरांना अपरिचित नाही. गांधीजी, सरदार पटेल आणि डॉ. आंबेडकर हे तिघेही विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने सारे वकील एकाच वर्गात आणले, त्यामुळे तो शब्द आता जुन्या फोटोंच्या चौकटींतच उरला आहे. इंग्लंडात मात्र तो धंदा आजही जिवंत आहे.

तेथे वकिलीचे दोन वर्ग आहेत. सॉलिसिटर हा अशिलाला प्रथम भेटणारा. तो कागदपत्रे पाहतो, पत्रव्यवहार करतो, घरचा डॉक्टर असावा तसा तो कुटुंबाला परिचित असतो. बॅरिस्टर हा शस्त्रवैद्यासारखा. प्रकरण न्यायालयात उभे राहण्याची वेळ आली, किंवा कायद्याचा अवघड गुंता पडला, म्हणजे सॉलिसिटर त्याच्याकडे प्रकरणाचे कागद गुलाबी फितीने बांधून पाठवितो. २००४ पासून काही प्रकरणांत सामान्य माणसालाही थेट बॅरिस्टराकडे जाण्याची मुभा मिळाली आहे. परंतु जुनी वाट अजून मोडलेली नाही.

बॅरिस्टर घडविण्याचा अधिकार लंडनमधील चार प्राचीन संस्थांनाच आहे : लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. तेथे विद्यार्थ्याने परीक्षा तर द्यावयाच्याच, पण पूर्वी ठरावीक वेळा संस्थेच्या भोजनगृहात सर्वांसमवेत जेवावयाचेही असे. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या भोजनांची मौज सांगितली आहे. चार-चार जणांच्या गटाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत, आणि गांधीजी मद्याला शिवत नसल्यामुळे प्रत्येक गटाला ते आपल्यात हवे असत! या जेवणांतून कायदा किती कळे हे सांगणे कठीण. परंतु वडीलधाऱ्या वकिलांच्या पंक्तीला बसून धंद्याची रीत व अब्रू अंगी मुरावी, हा त्यामागील मूळ हेतू होता.

सनद मिळाल्यावर बॅरिस्टर सामान्यतः कोणाचा नोकर होत नाही, आणि कोणाचा भागीदारही होत नाही. काही बॅरिस्टर मिळून एक जागा घेतात, तिला 'चेंबर्स' म्हणतात. भाडे वाटून घ्यावयाचे, कामाची नोंद व मोबदल्याची बोलणी करणारा कारकून सामाईक ठेवावयाचा. पण मिळकत ज्याची त्याची आणि जबाबदारीही ज्याची त्याची. एकाच चेंबर्समधील दोन बॅरिस्टर सकाळी एकत्र चहा घेऊन दुपारी एकाच खटल्यात परस्परांविरुद्ध उभे राहतात, आणि त्याचे तेथे कोणाला नवल वाटत नाही. आज इंग्लंड व वेल्समध्ये सतरा हजारांहून अधिक बॅरिस्टर काम करतात, आणि त्यांतील सुमारे चार-पंचमांश अशा रीतीने स्वतंत्र आहेत.

हे स्वातंत्र्य केवळ धंद्याच्या सोयीसाठी नाही. फौजदारी बचाव असो वा दिवाणी तंटा, बॅरिस्टराला तिघांपासून स्वतंत्र राहावे लागते : राजसत्तेपासून, लोकांच्या क्षोभापासून, आणि ज्याच्यासाठी तो उभा आहे त्या अशिलापासूनही. हे तिसरे स्वातंत्र्य सर्वांत कठीण, हे पुढे दिसून येईल.

रांगेतला टांगा

बॅरिस्टरांच्या आचारसंहितेत एक नियम आहे. त्याला ते भाड्याच्या गाड्यांच्या रांगेचे नाव देतात. टांग्याच्या अड्ड्यावर जो टांगा रांगेत पुढे उभा असेल त्याने येणारे गिऱ्हाईक घ्यावयाचे. गिऱ्हाइकाचा चेहरा आवडत नाही, त्याची जात निराळी, त्याचे कपडे मळके, असे म्हणून त्याला नाकारावयाचे नाही. त्याचप्रमाणे बॅरिस्टराने, काम आपल्या माहितीच्या क्षेत्रातील असेल, वेळ मोकळा असेल आणि योग्य मोबदला मिळत असेल, तर सॉलिसिटरने पाठविलेले प्रकरण स्वीकारलेच पाहिजे. अशील सज्जन आहे की दुर्जन, त्याची मते पटतात की नाहीत, लोक काय म्हणतील, हा विचार करण्याचा अधिकार त्याला नाही.

या परंपरेला ज्याने तेज आणले तो पुरुष म्हणजे टॉमस अर्स्किन. १७९२ साली टॉमस पेन या लेखकावर 'मानवाचे हक्क' या पुस्तकाबद्दल राजद्रोही लिखाणाचा खटला भरला गेला. पेन तोपर्यंत फ्रान्सला निघून गेला होता. परंतु खटला चालणार होता आणि त्याच्या वतीने कोणीतरी उभे राहणे आवश्यक होते. अर्स्किन हा त्या वेळी युवराजांचा वकील होता. हे काम घेऊ नये म्हणून त्याच्यावर चहूबाजूंनी दडपण आले. त्याने काम घेतले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता की, आरोपाबद्दल स्वतःचे मत बनवून वकील जर बचाव नाकारू लागला, तर तो न्यायाधीशाची जागा बळकावतो, आणि तीही निकालापूर्वीच. खटला तो हरला. ज्यूरीने फिर्यादी पक्षाचे उत्तर ऐकण्याचीही वाट पाहिली नाही. युवराजांकडील पदही गेले. पण नियम टिकला.

या गोष्टीचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो, आणि आम्हां धर्मगुरूंना तो अधिक बोचणारा आहे. पेनने पुढे बायबलवर कठोर टीका करणारे एक पुस्तक लिहिले. १७९७ साली ते छापणाऱ्या एका गरीब प्रकाशकावर खटला झाला, आणि या वेळी फिर्यादी पक्षाचा वकील होता तोच अर्स्किन! त्याने तितक्याच समर्थपणे खटला चालविला आणि प्रकाशक दोषी ठरला. त्यानंतर एके दिवशी लंडनच्या रस्त्यात एका स्त्रीने त्याचा कोट धरला आणि रडत त्याला आपल्या खोपट्यात नेले. ती त्या प्रकाशकाची पत्नी होती. आत देवीच्या रोगाने आजारी मुले पडली होती आणि तो माणूस पोटासाठी पुस्तिका शिवीत बसला होता. त्या पुस्तिका धार्मिक होत्या. अर्स्किनने खटला भरणाऱ्या धार्मिक मंडळींना विनंती केली की, गुन्हा सिद्ध झाला, आता दया दाखवा. मंडळींनी नकार दिला. अर्स्किनने त्यांचे वकीलपत्र परत केले.

राजाच्या विरोधकाचा बचाव करणारा, नंतर धर्माच्या बाजूने उभा राहणारा आणि अखेरीस धर्माच्या नावावर निर्दय होणाऱ्या आपल्याच अशिलाला सोडून जाणारा हा एकच माणूस. स्वतंत्र वकील म्हणजे काय, याचे यापरते उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

अशिलाने गुन्हा कबूल केला तर?

येथे आमचे ते वृद्ध गृहस्थ मध्येच म्हणतील, "ते ठीक, पण आरोपीने वकिलापाशी गुन्हा कबूल केला, तर?"

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या बारने स्पष्ट दिले आहे. वकिलाने न्यायालयाची दिशाभूल करावयाची नाही, हा त्याचा पहिला धर्म. अशिलाने गुन्हा कबूल केला आणि तरीही तो 'दोषी नाही' असे म्हणून खटला चालवू पाहत असेल, तर वकील ती कबुली बाहेर फोडू शकत नाही. परंतु 'माझा अशील तेथे नव्हताच' असे खोटे कथन तो मांडू शकत नाही, किंवा दुसऱ्या निरपराध माणसाकडे बोटही दाखवू शकत नाही. फिर्यादी पक्षाचा पुरावा कायद्याच्या कसोटीस उतरतो की नाही, एवढेच तो तपासू शकतो. जिथे कबुली नाही, तिथे तर वकिलाला 'माहीत' असे काहीच नसते. गावाला वाटते ते त्याने ऐकलेले असते, एवढेच. आणि गावाला काय वाटते ते ठरविण्यासाठी न्यायालय बांधलेले नसते.

शिवाय आरोपीच्या शेजारी वकील उभा राहावा हा हक्क सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेला नाही. तो फार उशिरा आणि फार रक्त सांडल्यावर मिळाला आहे. संत टॉमस मोर हे लिंकन्स इनचे नामांकित वकील आणि पुढे इंग्लंडचे लॉर्ड चान्सलर. १५३५ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा या थोर वकिलाला स्वतःसाठी वकील मिळाला नाही; राजद्रोहाच्या आरोपीला वकील देण्याची पद्धतच नव्हती. एका साक्षीदाराच्या शब्दावर त्यांचे मस्तक गेले, आणि तो शब्द खोटा असल्याचे त्यांनी न्यायालयात सांगितले होते. राजद्रोहाच्या आरोपींना वकिलाचा हक्क १६९६ पासून मिळाला. इतर गंभीर गुन्ह्यांतील आरोपीच्या वतीने ज्यूरीपुढे भाषण करण्याचा अधिकार वकिलाला १८३६ च्या कायद्याने मिळाला. आरोपीला स्वतःच्या बचावात शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण अधिकार तर १८९८ मध्ये आला. आणि इंग्लंडातील कॅथलिकांना बॅरिस्टर म्हणून उभे राहण्याची मोकळीक १७९१ पर्यंत नव्हती. ज्यांचा आवाज एके काळी असा बंद केला गेला होता, त्या समाजाने दुसऱ्याच्या वकिलाला नावे ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हे बरे.

एका शेतमजुराचा खटला

आता एक खटला पाहू. १० डिसेंबर १९३४ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य भागातील एका खेड्यात वुल्मिंग्टन नावाच्या एकवीस वर्षांच्या शेतमजुराच्या हातातील बंदुकीच्या गोळीने त्याची सतरा वर्षांची पत्नी ठार झाली. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. पत्नी रुसून माहेरी गेली होती. मालकाची जुनी बंदूक घेऊन तिची नळी कापून हा तेथे गेला. त्याचे म्हणणे असे की, 'तू परत आली नाहीस तर मी जीव देईन' असे तिला सांगावयाचे होते. बंदूक दाखविताना ती चुकून उडाली.

वाचकहो, आपण त्या खेड्यात असतो तर आपण काय म्हटले असते? सारे गाव काय म्हणत होते, याची कल्पना करणे कठीण नाही.

त्याच्या बचावासाठी बॅरिस्टर कॅसवेल उभे राहिले. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसरा खटला फेब्रुवारी १९३५ मध्ये ब्रिस्टल येथे झाला. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले की, त्याच्या हातून पत्नी मेली हे सिद्ध आहे; तेव्हा तो अपघात होता हे आता त्यानेच पटवून द्यावयाचे आहे. ज्यूरीने त्याला दोषी ठरविले आणि फाशीची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयाने अपील फेटाळले. तेव्हा प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेण्यात आले, आणि तेथे एप्रिल १९३५ मध्ये शिक्षा रद्द झाली. लॉर्ड सँकी यांनी आपल्या निर्णयात सांगितले की, इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या साऱ्या विणीतून एक सोन्याचा धागा गेलेला आहे. कैद्याचा अपराध सिद्ध करणे हे फिर्यादी पक्षाचे काम आहे. वेडाचा बचाव आणि कायद्याने केलेले काही अपवाद सोडले, तर आपला निरपराधीपणा सिद्ध करण्याचा बोजा कैद्यावर नाही. संशयाला वाजवी जागा उरली, तर कैदी सुटलाच पाहिजे.

वुल्मिंग्टन निरपराध होता काय? न्यायालयाने तसे म्हटले नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. ते देव जाणे. न्यायालयाने एवढेच म्हटले की, एखाद्याला फासावर लटकविण्यापूर्वी जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो ज्यूरीला नीट विचारला गेला नव्हता. ही चूक, एका मजुरासाठी, ज्याच्यापाशी ना पैसा होता ना प्रतिष्ठा, कोणीतरी चिकाटीने दाखवून दिली. त्या दिवशी वाचला तो एकटा वुल्मिंग्टन नव्हे. त्यानंतर इंग्लंडात आणि ज्या ज्या देशांनी तो कायदा घेतला तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाला त्या सोन्याच्या धाग्याचा आधार मिळाला आहे.

भांडण मिटविणारा

येथवर फौजदारी बचावाची कथा झाली. पण बॅरिस्टराचे निम्मे आयुष्य तंट्यांत जाते : जमिनीचे, कराराचे, वारशाचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. या कामी त्याचे तिसरे स्वातंत्र्य, म्हणजे अशिलापासूनचे स्वातंत्र्य, कसाला लागते. अशील येतो तो जिंकण्यासाठी. "तुमची बाजू भक्कम आहे, लढू या," हे त्याला ऐकावयाचे असते, आणि तसे सांगण्यात वकिलाचा फायदाही असतो. अशा वेळी "तुमचे म्हणणे अर्धेच खरे आहे, मिटवून घ्या," असे सांगणारा वकील विरळा.

गांधीजी असे विरळ वकील होते. ते १८९३ साली दक्षिण आफ्रिकेला गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी. दावा चाळीस हजार पौंडांचा आणि प्रतिपक्ष तय्यब शेठ हे दादा अब्दुल्लांचे आप्त. आपल्या अशिलाची बाजू बळकट आहे हे गांधीजींनी कागद तपासून जाणले. पण खटला लांबत गेला तर दोन्ही घरे वकिलांच्या फीत बुडतील, हेही त्यांनी पाहिले. त्यांनी दोघांना लवादास राजी केले. लवादाने दादा अब्दुल्लांना सुमारे सदतीस हजार पौंड व खर्च देवविला. ही रक्कम एकदम देणे म्हणजे तय्यब शेठचे दिवाळे, आणि दिवाळे म्हणजे त्या समाजात मरणच. तेव्हा विजयी अशिलालाच समजावून गांधीजींनी दीर्घ मुदतीचे हप्ते बांधवून घेतले. लवाद जमविण्यापेक्षाही हे काम त्यांना अवघड गेले. दुभंगलेल्या पक्षांना जोडणे हेच वकिलाचे खरे कर्तव्य, हा धडा आपण तेथे शिकलो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

इंग्लंडची न्यायालयेही आज त्याच मार्गाने चालली आहेत. वेल्समधील मर्थर टिडफिल येथे नगरपालिकेच्या जमिनीतून एक परदेशी तण शेजारच्या घरमालकाच्या आवारात पसरले. घरमालकाने नुकसानभरपाईचा दावा लावला. नगरपालिका म्हणाली, 'आमच्या तक्रारनिवारण पद्धतीने आधी या.' कुंपणाखालून आलेल्या त्या तणाचा वाद अपील न्यायालयापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ठरविले की, योग्य प्रकरणी पक्षकारांना न्यायालयाबाहेर समेटाचा प्रयत्न करण्याचा हुकूम न्यायाधीश देऊ शकतात. मात्र न्यायालयात दाद मागण्याचा त्यांचा मूळ हक्क त्यामुळे बुडता कामा नये. मे २०२४ पासून तर दहा हजार पौंडांपर्यंतच्या लहान पैशांच्या दाव्यांत एक तासाची विनामूल्य मध्यस्थी सक्तीची झाली आहे. आपल्याकडेही लोकन्यायालये आहेत आणि २०२३ चा मध्यस्थी कायदा आहे. बांधाच्या हातभर जागेसाठी दोन पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणारी घरे आमच्या धर्मग्रामातही आहेत. त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आपल्यातलेच एक

या परंपरेतील एक मोठे नाव आपल्याच समाजातले आहे, आणि ते आपण विसरत चाललो आहोत. जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना लोक प्रेमाने 'काका' म्हणत, ते मुंबईच्या माझगावातील माथारपाखाडीचे. जन्म १८६४. पुण्यात अभियांत्रिकी शिकले, केंब्रिजला गेले, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी. १९१६ साली आमच्या या बेळगावातच टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष बॅप्टिस्टाच होते. पुढे १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले.

परंतु आज आम्हांला त्यांचे आठवते ते निराळेच. १९१० साली विनायक दामोदर सावरकरांवर मुंबईत विशेष न्यायमंडळापुढे खटला चालला, तेव्हा बचावासाठी जे उभे राहिले त्यांत बॅप्टिस्टा होते. सरकारचा रोष ओढवून घेण्यासारखे ते काम. आरोपीचा धर्म निराळा, मार्ग निराळा. तरी या कॅथलिक बॅरिस्टराने बचाव केला. जो माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात आहे त्याचा शब्द न्यायासनापर्यंत पोहोचलाच पाहिजे, एवढे मानणाऱ्याला दुसरे कारण लागत नाही.

हे स्वातंत्र्य मात्र नुसत्या धैर्यावर जगत नाही. त्याला भाकरीही लागते. इंग्लंडात १९४९ च्या कायद्याने गरिबांना सरकारी खर्चाने वकील मिळू लागला. पण त्या कामाचा मोबदला घटत गेला, तरुण बॅरिस्टर फौजदारी काम सोडू लागले, आणि २०२२ साली फौजदारी बॅरिस्टरांनी चक्क संप केला. शासनाने पंधरा टक्के वाढ मान्य केल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मिटला. तरीही २०२४ च्या अखेरीस तेथील क्राउन न्यायालयांत सत्तर हजारांहून अधिक खटले तुंबलेले होते. खटला तुंबतो तेव्हा आरोपी कोठडीत कुजतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो फिर्यादीही रडत बसतो. हे दुःख आपल्या देशाला इंग्लंडने शिकवावे असे नाही.

आमचे घाईचे उत्तर

आता ती हकीकत.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो तेथे एका रात्री चर्चमधून चांदीचा चषक व दानपेटीतील पैसे चोरीस गेले. वेदीची झाडलोट करणाऱ्या एका गरीब मुलावर संशय आला. पोलिसांनी त्याला नेले. दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण वकील आला आणि म्हणाला, "फादर, त्या मुलाची आई माझ्याकडे आली होती. वकीलपत्र घेऊ का?"

आम्ही म्हणालो, "अरे बाबा, देवाच्या घरची चोरी! आपल्याच माणसाने त्याची बाजू घेतली तर लोकांना काय वाटेल?"

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने त्या बाईला नकार कळविला. गावातील इतर वकिलांनीही त्यावरून काय समजावयाचे ते समजून घेतले. मुलाला जामीन मिळाला नाही. जामिनासाठी नीट अर्ज करणारेच कोणी नव्हते. सात महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणाहून सरकारी साहाय्याने एक वकीण बाई नेमल्या गेल्या. त्यांनी उलटतपासणीत दोनच गोष्टी बाहेर काढल्या : चर्चची किल्ली तिघांकडे असे, आणि जप्तीच्या पंचनाम्यावर ज्याची सही होती तो पंच त्या वेळी त्या जागी नव्हताच. मुलगा सुटला. चोरी कोणी केली ते आजपर्यंत कळलेले नाही. तो मुलगाही असू शकेल, नसूही शकेल. आम्हांला ठाऊक नाही, आणि त्या संध्याकाळीही ठाऊक नव्हते. तरी आम्ही ठाऊक असल्यासारखे बोललो.

मुलगा गाव सोडून गेला. त्याची आई मात्र मिस्सेला येत राहिली, शेवटच्या बाकावर बसून. बदली होऊन निघण्यापूर्वी आम्ही तिच्या घरी गेलो आणि तिची क्षमा मागितली. तिने आम्हांला बसावयास पाट दिला, पाणी दिले. मग म्हणाली, "फादर, माझं पोर निर्दोष आहे असं तुम्ही म्हणावं, असं माझं म्हणणं नव्हतं. त्याचं कुणीतरी ऐकून घ्यावं, एवढंच वाटत होतं."

सेमिनरीत आम्हांला शिकविले होते की, योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'शेजारी उभे राहण्यासाठी बोलावलेला' असा होतो. न्यायालयात आरोपीच्या साहाय्याला येणाऱ्यालाही तोच शब्द लावीत. आपल्या मराठी बायबलात त्याचे 'कैवारी' असे भाषांतर आहे. त्यावर आम्ही कितीतरी प्रवचने केली होती. त्या बाईच्या पाटावर बसून तो शब्द आम्ही प्रथम समजलो.

आज आमच्या देशाचा कायदाही हेच सांगतो. घटनेच्या बावीसाव्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क दिला आहे. आणि अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असे ठराव वकील संघ करू लागले, तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा व निरर्थक ठरविले.

म्हणून त्या पावसाळी रविवारी आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना एवढेच म्हणालो, "काका, गुन्हा त्याने केला असेल तर तो सिद्ध होईल, आणि वकील उभा राहिल्यामुळे तो अधिक पक्का सिद्ध होईल. केला नसेल, तर त्या वकिलावाचून ते आपल्याला कधीच कळणार नाही."

गृहस्थ थोडा वेळ पावसाकडे पाहत राहिले. मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, आणि त्या आरोपीला म्हातारी आई आहे काय, असे आम्हांला विचारले.